पाहुण्यांना दिवा दाखव

"दस्तगीर, पाहुण्यांना दिवा दाखव," आप्पासाहेब म्हणाले, आणि पोह्यांतली मिरची काढून त्यांनी बशीच्या कडेला ठेवली.

पाहुणे तिघे होते. हिंगणमाळचे बाळगोंडा पाटील आणि त्यांच्या गावच्या दूध संस्थेचे दोन सभासद. तिघांच्याही टोप्यांना खळ होती. एकानं चपला पोर्चच्या बाहेर काढल्या होत्या. दुपारी त्यांच्या गावात दूध थंड करण्याच्या केंद्राचं उद्घाटन होतं आणि ते अध्यक्षांना न्यायला आले होते.

अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब खराडे, आमच्या तालुका दूध संघाचे. मी त्यांचा स्वीय सहायक. मूळ मी संघाच्या हिशेब शाखेतला. आप्पांनी मला महिनाभरासाठी मागून घेतलं आणि पुढं परत पाठवायचं राहून गेलं.

दस्तगीर आप्पांचा ड्रायव्हर. त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि चावी घालून अर्धी फिरवली. स्टिअरिंगमागं एक लाल दिवा लागला. झारीच्या आकाराचा, तोटीला एक थेंब.

"ह्यो तेलाचा," दस्तगीर म्हणाला. "ह्यो दिसला की गाडी हलवायची न्हाई. इंजिन बसतं."

तिघं एकेक करून वाकले आणि गाभाऱ्यात बघावं तसं आत बघून मागं सरले.

"लई लाल हाय," बाळगोंडा म्हणाले.

"काल संध्याकाळपासनं जीवाला घोर लागलाय," आप्पा म्हणाले. "तुमच्या गावचा कार्यक्रम, आणि नेमका आज."

"आप्पा, भाड्याची जीप आणलीया. बाहीर हुबी हाय. तिच्यातनंच चला की."

"पाटील, माझं काय, मी बैलगाडीतनंसुद्धा येईन. पण संघाच्या अध्यक्षानं भाड्याच्या जीपमधनं उतरायचं? संघाची इज्जत काय राहील?"

बाळगोंडांनी संघाच्या इज्जतीचा विचार केला. "त्ये बी खरंच," ते म्हणाले.

"हे तोडकर येतील तुमच्याबरोबर. माझा संदेश वाचतील."

खरं कारण आप्पांच्या मांडीवर होतं. ती उद्घाटनाची पत्रिका होती. तीत पहिलं नाव आमदारांचं, दुसरं जिल्हा बँकेच्या कुणा संचालकाचं आणि तिसरं आप्पांचं होतं. सकाळपासून त्यांनी ती चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा त्यांचं नाव तिसरंच होतं.

दिव्याबद्दलही सांगून टाकतो. तो दिवा खोटा नव्हता. चावी अर्धी फिरवली आणि इंजिन चालू केलं नाही, तर तो कुठल्याही गाडीत लागतो. गाडी कालच कारखान्यातून आलेली असली तरी लागतो. इंजिन चालू झालं की जातो. तालुक्यातल्या जीपवाल्यांना हे माहीत होतं, पण अध्यक्षांच्या पोर्चपर्यंत जीपवाले येत नसत. जे येत त्यांच्या घरी बैल होते, म्हशी होत्या, फार तर लूना होती. त्या दिव्यानं आप्पांना किती बारशांतून, सत्कारांतून आणि भागवत सप्ताहांतून सोडवलं होतं याची मोजदाद नाही.

पण त्या दिवशी जरा जपायला हवं होतं. बाळगोंडा पाटील नुसते गावचे पाटील नव्हते, संघाचे संचालक होते. सभेत दाराजवळच्या खुर्चीवर बसत, सगळ्यांची सही झाल्यावर सही करत आणि चहा पिऊन घरी जात. बोलत नसत, म्हणून त्यांना कुणी मोजत नसे. आप्पांची खुर्ची मात्र तेव्हाही एका मताच्या आधारावर उभी होती, आणि ते मत पोर्चमध्ये हात जोडून उभं होतं.

*

हिंगणमाळला मांडव घातला होता. आमदार आले नाहीत, बँकेचे संचालकही आले नाहीत. पत्रिकेतल्या पहिल्या तीन नावांच्या जागी मी एकटा तिथं होतो. फीत शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी कापली. मी आप्पांचा संदेश वाचला. सकाळी मीच तो लिहिला होता, आणि "माझ्या काळजात हिंगणमाळला वेगळं स्थान आहे" या वाक्याला टाळ्या पडल्या.

मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, पाठीत वाक, ताट मात्र सरळ. ती बाळगोंडांची आई. सगळं गाव तिला आक्का म्हणे. निरांजनातलं तेल संपत आलं होतं. तिनं कमरेची छोटी बाटली काढून त्यात ओतलं आणि मला विचारलं, "सायेब कुठं हाईत?"

"आक्का, साहेबांच्या गाडीला दिवा लागलाय."

"कसला?"

"तेलाचा. तेल कमी झालं की लागतो."

आक्कानं ताटातल्या निरांजनाकडं पाहिलं. "तेल संपल्यावर लागतो?"

"हो."

"आमचा इझतो."

"गाडीचं उलटं असतं, आक्का."

"मोठ्या माणसांचं समदंच उलटं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं नवी माहिती समजून घेतली, इतकंच.

ताट तसंच परत नेणं बरं नव्हे, म्हणून तिनं मलाच ओवाळलं. मग घरात गेली आणि एक किटली घेऊन आली. दुधाची असते तशी, पितळेची, कडीची, घट्ट झाकणाची. झाकणावर आणि अंगावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: आक्काताई दादगोंडा पाटील, हिंगणमाळ.

"ह्ये गाडीला," ती म्हणाली. "करडीचं हाय. यंदाचंच, घाण्यावरचं. दिवा इझला की सांगावा धाडा."

"आक्का, गाडीला वेगळं तेल लागतं."

"येगळं म्हंजे? ह्येच्यापरास चांगलं असतंय?"

 मी किटली घेतली.

"किटली तेवढी माघारी द्या बाबा. लग्नातली हाय."

जीपमध्ये मी ती मांडीवर धरून बसलो. बाळगोंडा रस्ताभर तिच्याकडं बघत होते. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "आईचं काय मनावर घेऊ नका. पर घाला गाडीत. मन राहील तिचं."

*

आप्पा हसले ते ठसका लागेपर्यंत. मग त्यांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि पुन्हा हसले. दस्तगीरला बोलावून त्यालाही ऐकवलं. तो आधी आप्पांकडं बघून हसला, मग मनापासून हसला.

वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या पत्नींनी, झाकण उघडून वास घेतला. "असलं तेल आता बघायला मिळत नाही," त्या म्हणाल्या. संध्याकाळी भजी झाली. आप्पा कढईकडं बोट करून म्हणाले, "तोडकर, दिवा विझला म्हणून कळवा." मीही खाल्ली. चांगली झाली होती. दस्तगीरनं गुडघ्याला लावायला वाटीभर तेल मागून नेलं.

तेल संपलं. किटली राहिली. ती परत द्यायला कुणाची हरकत नव्हती. पण आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून देतात. काय घालायचं ते ठरेना. साखर घालावी तर कमी वाटली, लाडू घालावेत तर वहिनींना सवड नव्हती, आणि नुसते तांदूळ पाटलांच्या घरी शोभले नसते. तोवर किटली पोर्चमधल्या नळाखाली राहिली. तिला कडी होती, तोंड रुंद होतं. दस्तगीर तिनं गाडीवर पाणी मारू लागला.

दर मासिक सभेला बाळगोंडा सही करून झाल्यावर हळूच विचारायचे, "आप्पा, आईनं इचारलंय. दिवा इझला का?"

"विझला म्हणावं. तेल घातल्या घातल्या विझला."

संचालक आपापल्या कपबशीत हसत. बाळगोंडा समाधानानं घरी जात. पुढं कळलं की आक्का गावात सांगत होती, संघाची गाडी माझ्या करडीवर पळतीया.

*

त्या गाडीत आणखी एक दिवा होता. तो पिवळा, पान्याच्या आकाराचा. तो कुणा पाहुण्याला कधी दाखवला गेला नाही. गाडी ठरावीक अंतर पळाली की तो आपोआप लागे. त्याचा अर्थ इतकाच, की इंजिनातलं तेल बदला, फिल्टर बदला, गाडी एकदा उघडून बघा.

एकदा दस्तगीरनं मला इंजिनातली तेलाची पट्टी काढून दाखवली. तेल काकवीसारखं झालं होतं.

"हे असं चालतं?" मी विचारलं.

"आप्पांना इचारा."

आप्पा तेव्हा बाहेर निघाले होते. दस्तगीर म्हणाला, "आप्पा, पिवळा लागलाय परत. तेल बदलाय पायजे. गाडी एक दिवस सोडायला लागंल."

"उद्या तीन लग्नं आहेत," आप्पा म्हणाले. "दिवा घालव. तेलाचं नंतर बघू."

दिवा घालवायची रीत दस्तगीरला पाठ होती. चावी बंद करायची. काट्यांच्या मधलं बटण दाबून धरायचं. बटण न सोडता चावी फिरवायची आणि आकडे चमकून थांबेपर्यंत तसंच बसायचं. बोट उचललं की फसलं. तो हे डोळे मिटून करायचा. पिवळा दिवा गेला, आप्पा गाडीत बसले, तेल होतं तिथंच राहिलं.

म्हणजे एक दिवा कारण नसताना दाखवायचा आणि दुसरा कारण असताना घालवायचा. दोन्ही कामं एकच माणूस, एकाच फडक्यानं हात पुसून, करत होता. संघही तसाच चालला होता. पण ते सांगत बसलो तर गोष्ट लांबेल.

*

आक्का पुढच्या उन्हाळ्यात वारली. त्या दिवशी आप्पांच्या गाडीला कुठलाच दिवा लागला नाही, कारण संघाच्या निवडणुका झाल्या होत्या आणि नव्या संचालकांना अध्यक्ष निवडायचा होता. समोर विश्वनाथ डुबल उभे होते. ते गोड बोलत आणि प्रत्येकाला नावानं हाक मारत. दोन्हीकडची डोकी मोजून झाली होती. आप्पा एकानं पुढं होते, आणि ते एक म्हणजे परत बाळगोंडा.

आम्ही हिंगणमाळला पोचलो तेव्हा ओसरी भरलेली होती. आप्पा बाळगोंडांच्या शेजारी सतरंजीवर बसले.  मग आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, तुमच्या आईनं एकदा माझ्या गाडीला तेल धाडलं होतं. मी आजवर गावासमोर बोललो नाही. त्या तेलावर माझी गाडी चालली. अजून चालतीय."

बाळगोंडांनी तोंडावर टॉवेल धरला. आतून बायकांचा रडण्याचा आवाज वाढला. बाहेर गाडीजवळ उभा असलेला दस्तगीर जमिनीकडं बघत राहिला.

परतताना आप्पा म्हणाले, "तोडकर, हे मत आता कुठं जात नाही." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तरी एक खिळा ठोकून ठेवू."

खिळा म्हणजे ठराव. दूध केंद्रांच्या पाहणीसाठी संचालक बाळगोंडा पाटील यांना संघाचं वाहन देण्यात यावं. कुठलं वाहन? अध्यक्षांचं जुनं. मग अध्यक्षांना? अध्यक्षांना नवीन घ्यावं. एका कागदात दोन्ही बसलं. जुनी गाडी पाटलांना मिळाली आणि नवी आप्पांना.

*

गाडी द्यायचा कार्यक्रम पोर्चमध्येच झाला. दस्तगीरनं ती सकाळी धुतली होती. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आप्पांनी नारळ फोडला. स्थानिक वर्तमानपत्राच्या फोटोसाठी आप्पांनी किल्ली तीनदा दिली आणि बाळगोंडांनी तीनदा घेतली. मग आप्पा वार्ताहराला बाजूला घेऊन नव्या गाडीची गरज समजावून सांगू लागले.

बाळगोंडा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे तात्या, काटे-दिवे बंद पडलेल्या एका जुन्या जीपवर गाडी चालवायला शिकले होते, पण आपल्या गाडीत बसायची ही पहिलीच वेळ होती. ते चपला बाहेर काढून आत बसले. दस्तगीर दारातून वाकला. मी त्याच्या मागं होतो.

"चावी घाला," दस्तगीर म्हणाला. "आता अर्धी फिरवा. हां."

लाल झारी लागली. तोटीला थेंब.

बाळगोंडांनी हात मागं घेतला. चेहऱ्यावर खरी काळजी होती. "दस्तगीर, दिवा लागला."

दस्तगीर इतरांना गाडी शिकवताना फार खुलत असे, आणि त्या दिवशी तो खुलला होता. तो म्हणाला, "त्यो लागतोच, तात्या. गाडी चालू केली की जातोय. फिरवा पुढं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हाराकडं पाहिलं.

बाळगोंडांनी चावी पुढं फिरवली. इंजिन चालू झालं, झारी गेली. त्यांनी गाडी बंद केली. पुन्हा अर्धी चावी, पुन्हा झारी. पुन्हा चालू, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी ते झारीकडं बघत नुसतेच बसले.

"रोजच लागतोय?"

"...रोज."

"समद्या गाड्यांत?"

"समद्याच."

"तेल असलं तरी?"

 दस्तगीरनं खांद्यावरचं फडकं काढून बंद काच पुसायला घेतली.

बाळगोंडा खाली उतरले. चपला घालताना त्यांचं लक्ष नळाकडं गेलं. ते तिकडं गेले, किटली उचलली, आतलं पाणी तुळशीला ओतलं आणि झाकण नसलेल्या किटलीच्या अंगावरचे ठिपके अंगठ्यानं चाचपले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या घाईनं म्हणाल्या, "अगंबाई, ती द्यायचीच राहिली बघा. रिकामी कशी द्यायची म्हणून..."

"व्हय," बाळगोंडा म्हणाले. "रिकामी देऊ न्हये."

त्यांनी किटली होती तिथंच ठेवली, आप्पांना वाकून नमस्कार केला, "गाडी झ्याक हाय," म्हणाले आणि हळू हळू चालवत निघून गेले.

संध्याकाळी मी विषय काढला. "आप्पा, पाटलांच्या एक गोष्ट लक्षात आलीय."

"काय?"

"दिव्याची."

आप्पा नव्या गाडीचं माहितीपत्रक बघत होते. "तोडकर, गाडी मिळालेला माणूस दिव्याकडं बघत नाही," ते म्हणाले. "दोन्ही रंग चांगले आहेत, नाही? पण पांढराच घेऊ."

*

निवडीच्या दिवशी संघाच्या सभागृहात सगळे वेळेवर आले. निवडणूक अधिकारी आले, डुबल आले, डुबलांची माणसं आली. दाराजवळची खुर्ची रिकामी राहिली.

"फोन लावा," आप्पा मला म्हणाले.

मोबाईल तेव्हा नुकते हातात आले होते. बाळगोंडांनी पहिल्याच घंटीला घेतला.

"तात्या, कुठवर आलात? सगळे थांबलेत."

"तोडकर, गाडीला दिवा लागलाय."

मी आप्पांकडं पाहिलं.

"तेलाचा हाय," ते शांतपणे म्हणाले. "लई लाल हाय. असला दिसल्यावर गाडी हलवायची न्हाई म्हंत्यात. इंजिन बसतं."

"तात्या, इथनं गाडी पाठवतो. आत्ता निघंल."

"संघाच्या संचालकानं दुसऱ्याच्या गाडीतनं उतरायचं? संघाची इज्जत काय राहील?"

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "पाटील, मी बोलतोय. काय पाहिजे ते बोला."

सभागृह इतकं शांत होतं की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"काय नगं, आप्पा. आईची किटली तेवढी धाडा. रिकामी चालंल."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. मतदान हात वर करून होतं. बाळगोंडांची खुर्ची रिकामी दिसल्यावर आप्पांच्या बाजूचा आणखी एक संचालक, जो महिनाभर दोन्हीकडं जेवत होता, त्यानं हात वर करायला जरा उशीर केला आणि मग डुबलांच्या वेळी केला. आप्पांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत एकच भाव होता. पोर्चमध्ये त्या तिघांच्या चेहऱ्यावर होता तोच. समोर काहीतरी लाल दिसतंय आणि ते आपल्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

*

डुबल अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत त्यांनी जाहीर केलं की बाळगोंडा पाटलांचे आभार मानायला ते स्वतः हिंगणमाळला जाणार. तारीख ठरली. नवी गाडी त्यांच्याकडं आली, गाडीबरोबर दस्तगीर आला आणि दस्तगीरबरोबर मीही.

त्याआधी मी आप्पांच्या घरी जाऊन किटली आणली. झाकण फडताळात सापडलं. आप्पा आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. वहिनी साखर घालायला निघाल्या होत्या, पण दस्तगीरनं किटली माझ्या हातातून घेतली आणि थोड्या वेळानं भरून आणली.

"काय घातलंस?"

"इंजिनाचं तेल. नवं हाय. त्या गाडीचं आप्पांनी कवाच बदलू दिलं न्हाई. मी नुसता दिवा घालवत आलो. आता परत लागला असंल." मग म्हणाला, "रिकामी कशी न्यायची?"

हिंगणमाळला मी एसटीनं गेलो. फाट्यापासून किटली सांभाळत चालत गेलो. बाळगोंडांच्या दारात सतरंजी अंथरलेली, दोन खुर्च्या, ताटात हार. सूनबाई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. बाळगोंडांनी माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"नवीन अध्यक्ष येणार हुते न्हवं?"

"येणार होते, तात्या. निघालेच होते. पण..."

बाळगोंडा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "दिवा?"

"दिवा."

ते हसले नाहीत. सुनेला म्हणाले, "ताट ठेव आत, चहा टाक."

मी किटली त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून उजेडात धरलं. तेल मधासारखं होतं.

"ह्ये खरं गाडीचं तेल व्हय?"

"हो."

"आईला दावाय पायजे हुतं," ते म्हणाले. "ती इचारत हुती. ह्येच्यापरास चांगलं असतंय का म्हणून."

चहा झाल्यावर मला राहवलं नाही. "तात्या, त्या दिवशी तुम्ही फोनवर सरळ सांगायचं होतंत, की येत नाही म्हणून."

"सरळच सांगितलं की." ते उठून गाडीकडं गेले. पांढरी गाडी चिंचेखाली उभी होती, अंगावर धूळ होती, पण चपला त्यांनी बाहेरच काढल्या. आत बसून चावी अर्धी फिरवली. "या हिकडं. बघा. लागलाय का न्हाई?"

"लागलाय."

"त्या दिशी असाच बसलो हुतो. सकाळी चावी फिरवली, ती तुमचा फोन येऊन जाईपतूर हात लावला न्हाई. दिवा जळतच हुता. मी खोटं बोललो न्हाई, तोडकर. आईच्या माघारी खोटं कशापायी बोलू?"

मग म्हणाले, "बसा. फाट्यापतूर सोडतो." त्यांनी चावी पुढं फिरवली. इंजिन घरघरत चालू झालं आणि लाल झारी गेली. तिच्या शेजारी पिवळा पाना तसाच राहिला.

बाळगोंडा तो जायची वाट बघत राहिले. तो गेला नाही.

"आन् ह्यो कसला?"

"तो खरा आहे, तात्या."

 त्यांनी इंजिन बंद केलं, उतरून चपला घातल्या आणि किटली आणायला ओसरीकडं गेले.